आठवड्याचा विषय आणि प्रकल्प: बालवाडीतली नेहमीची गल्लत

जून लागला की बालवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो, "या आठवड्याची थीम: पाऊस." थोड्या दिवसांनी दुसरा येतो, "शनिवारी पावसाळा प्रोजेक्ट आहे, मुलांना रेनकोट घालून पाठवा." प्रत्यक्षात दोन्ही वेळा घडतं जवळपास तेच. वर्ग सजवलेला असतो, भिंतीवर ढग चिकटवलेले असतात, बेडकाचं चित्र रंगवायला दिलेलं असतं. पालकांना वाटतं, थीम आणि प्रोजेक्ट ही एकाच गोष्टीची दोन नावं. बऱ्याच शिक्षिकांनाही तसंच वाटतं, कारण आपल्याकडे ताईंनी मांडलेल्या प्रदर्शनालाच 'प्रकल्प' म्हणायची सवय आहे: भाजी मंडई प्रकल्प, पोस्ट ऑफिस प्रकल्प, किल्ला प्रकल्प.

पण ही दोन वेगळी कामं आहेत आणि लहान मुलांना दोन्ही हवीत. गल्लत झाली की बळी बहुतेक वेळा प्रकल्पाचा जातो. म्हणून हा खटाटोप.

आधी विषय. आठवड्याचा विषय ताई ठरवते, तोही आधीच. जूनमध्ये 'मी आणि माझं घर', मग पाऊस, झाडं, भाज्या, सण, वाहनं. सोमवारी काय, मंगळवारी काय, हे तिच्या वहीत लिहिलेलं असतं. पाऊस हा विषय घेतला, तर गप्पांच्या गोलात पावसाचे आवाज काढायचे, टाळ्या आधी हळू आणि मग जोरात. छत्र्या मोजायच्या, लहानमोठ्या लावायच्या. कागदी होड्या करून घमेल्यात सोडायच्या. अंगणातल्या डबक्याभोवती सकाळी खडूने रेघ मारायची आणि ऊन पडलं तर सुटायच्या वेळी पुन्हा बघायचं, पाणी रेघेच्या किती आत सरकलंय ते. ओल्या मातीत हात घालायचे. पावसाची गोष्ट, पावसाची बडबडगीतं.

यातून काय साधतं? भाषा, मोजणी, हाताची बोटं, गाणं, निरीक्षण हे सगळं एका धाग्यात येतं. तीन वर्षांच्या मुलाला सोमवारी ऐकलेला 'सर' हा शब्द बुधवारी गाण्यात भेटतो, शुक्रवारी गोष्टीत भेटतो आणि मग तो त्याचा होतो. एकच गोष्ट पाच वाटांनी पुन्हा पुन्हा समोर येणं या वयाला फार मानवतं. हे विषयाचं खरं बळ आहे आणि ते कमी लेखायचं कारण नाही.

मात्र 'रेड डे', 'यलो डे' म्हणजे विषय नव्हे. लाल कपडे, डब्यात टोमॅटो, एक फोटो आणि संपलं. आदल्या संध्याकाळी लाल फ्रॉक शोधत फिरणाऱ्या आईची दमछाक तेवढी होते. त्यापेक्षा मुलांना कुंकू, गेरू, वीट, डाळिंब आणि सुकी मिरची शेजारी शेजारी ठेवून बघू द्या. लाल किती तऱ्हेचं असतं यावर त्यांची गाडी जी सुटते, ती थांबवावी लागते.

आता प्रकल्प. याचं मूळ ताईच्या वहीत नसतं. ते मुलांच्या एखाद्या प्रश्नात असतं. समजा, पावसाच्याच आठवड्यात वाऱ्याने एका छत्रीचा कावळा झाला. मुलं हसली, आणि एकीने विचारलं, "ताई, ही उलटी का झाली? आणि परत सुलटी कशी झाली?" ताईने "वारा आला म्हणून" असं उत्तर देऊन गोष्टीचं पुस्तक उघडलं, तर विषय चालू राहिला. तिने छत्री गोलाच्या मध्ये ठेवून "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं, तर प्रकल्प सुरू झाला.

मग त्याला त्याची चाल येते. आधी मुलांना जे वाटतं ते बोलू द्यायचं, चित्रात काढू द्यायचं. बहुतेक चित्रांत एक अर्धगोल आणि एक काठी असते. मग खरी छत्री हातात. उघडायची, मिटायची, उलटी धरून आतून बघायची. दांड्यावर वरखाली सरकणारी कडी सापडते. तिच्यापासून निघालेल्या बारक्या काड्या मोठ्या काड्यांना ढकलतात, हे सापडतं. कुणी काड्या मोजतो: आठ. दुसऱ्याची घडीची छत्री, तिच्या काड्या दुमडतात, हा नवा प्रश्न. जूनमध्ये रस्त्याकडेला छत्री दुरुस्त करणारे काका बसतात. त्यांना वर्गात बोलवायचं किंवा पाच-सात मुलांना घेऊन त्यांच्याकडे जायचं. त्यांची पक्कड, तार, सुई-दोरा, जुन्या छत्र्यांच्या काढून ठेवलेल्या काड्या. त्यांना काय विचारायचं, हे मुलांनी आधीच ठरवलेलं असतं. परत आल्यावर कोपऱ्यात छत्री दुरुस्तीचं दुकान उभं राहतं आणि ते मुलं मांडतात.

शेवटी पुन्हा छत्रीचं चित्र काढायला द्या. पहिलं आणि हे शेजारी ठेवा. अर्धगोलाच्या आत काड्या आलेल्या असतात, दांड्यावर कडी आलेली असते, कुणी खटकासुद्धा काढतो. मूल किती शिकलं याचा असा पुरावा कुठल्याही वर्कशीटवर मिळत नाही.

ही पद्धत आजची नाही. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी 1918 साली प्रकल्प पद्धतीवर लिहिलं. मुलाने मनापासून आणि स्वतःचा हेतू धरून केलेलं काम, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. बालवाडीच्या वयासाठी लिलियन कॅट्झ आणि सिल्व्हिया चार्ड यांनी 1989 मध्ये तिला नीट आकार दिला: आधी मुलांना काय माहीत आहे ते काढून घेणं, मग प्रत्यक्ष जाऊन बघणं, विचारणं, आणि शेवटी सापडलेलं इतरांना दाखवणं.

आपल्याकडचा धडा त्याहून जवळचा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात. महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी बिया, शंख, खडे, पानं वापरात आली. विषय घ्या की प्रकल्प, तो मुलाच्या पायाखालच्या जमिनीतून घ्यावा, हे त्यांनी करून दाखवलं. वारली पाड्यावरच्या मुलाला बर्फाचं घर शिकवण्यात काय हशील? आजही आपल्या कित्येक वर्गांत पावसाळ्याच्या भिंतीवर इंद्रधनुष्य असतं, आणि खिडकीबाहेर दिसणारं शेवाळ, कुडाच्या भिंतीवर चढणारी गोगलगाय आणि अळूची पानं मात्र आत येत नाहीत.

दोहोंतला फरक पटकन ओळखायचा तर तारखेकडे बघा. विषय शुक्रवारी संपतो, कारण सोमवारी पुढचा आहे. प्रकल्प मुलांचे प्रश्न संपले की संपतो, मग त्याला चार दिवस लागोत की सहा आठवडे. दुसरी खूण भिंतीवर सापडते. भिंतीवर सगळ्या मुलांच्या सारख्याच कापलेल्या निळ्या छत्र्या असतील, तर ते ताईचं काम मुलांच्या हातून झालंय. चित्रं एकमेकांसारखी नसतील आणि खाली मुलांची वाक्यं त्यांच्याच बोलीत लिहिलेली असतील, तर तिथे शोध चालला होता. आईबाबांनी रात्री जागून केलेलं थर्माकोलचं धरण या दोन्हींत बसत नाही. ते परत घरी पाठवावं.

मग प्रकल्पच का घेऊ नयेत सगळे? कारण वयाचा आणि माणसांचा हिशेब आहे. तीन वर्षांचं मूल एका प्रश्नाला फार दिवस धरून राहत नाही, त्याला विषयाची फेरी बरी. पाचच्या पुढचं मूल मात्र विषयाच्या फेरीत कंटाळतं आणि आपण त्याला खोडकर म्हणतो. अंगणवाडीत तीन ते सहा वयाची मुलं एकाच खोलीत, सेविका एक, मदतनीस एक, आणि पोषण आहार, वजनं, नोंदी हे सगळं त्याच हातांनी. तिला सगळ्या वर्गाचा प्रकल्प करा म्हणणं अन्यायाचं आहे. विषय हा तिचा आधार आहे, तो तसाच राहू द्यावा.

पण विषयातून प्रकल्प फुटायला मोकळीक ठेवता येते. ठरलेला आठवडा चालू ठेवायचा. एखाद्या प्रश्नावर मुलं अडून बसली, दुसऱ्या दिवशी आपणहून पुन्हा तिथेच आली, तर मुक्त खेळाच्या वेळात त्या पाच-सहा जणांना एक कोपरा द्यायचा. बाकीची मुलं ठोकळ्यांशी, मातीशी खेळत असतात. महिन्यातला एक आठवडा वेळापत्रकात कोरा सोडला तरी पुरतं. पर्यवेक्षकांनी तो कोरा रकाना बघून कामचुकारपणा असा शेरा मारू नये, एवढं मात्र त्यांच्याशी आधी बोलून घ्यावं लागतं. पालकसभेतही सांगून ठेवावं की यंदा भाज्यांचा आठवडा कदाचित पुढे जाईल, कारण मोठ्या गटाला अजून छत्रीवाल्या काकांकडे एकदा जायचंय.