निळ्या ठिपक्यांची नक्षी : कोरलेल्या कागदापासून इंकजेटपर्यंत

चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाशी नान्तोंग शहर आहे. तिथल्या निळ्या-पांढऱ्या छापील सुती कापडाची नक्षी आता संगणकावर काढून इंकजेट यंत्राने छापली जाते. जुनं कापड डोळ्यांजवळ धरून पाहा. फीनिक्सचा पिसारा असो की पिओनीची पाकळी, लांब सलग रेघ जवळपास सापडतच नाही. सगळा कारभार ठिपक्यांचा आणि तुटक रेघांचा.

हे वळण कागदाने लावलंय. कागदाचे थर चिकटवून त्यांवर नक्षी कोरायची आणि वर तुंग झाडाच्या बियांचं तेल चढवायचं, की स्टेन्सिल तयार. रेघ सलग कोरली तर मधला तुकडा गळून पडतो, म्हणून जागोजागी कागदाचे सांधे सोडावे लागतात. रांगोळीच्या छापात पत्र्याच्या पट्ट्या असतात तसे. सोयाबीनचं पीठ आणि चुना यांची खळ स्टेन्सिलवरून कापडावर ओढायची. ती वाळली की कापड निळीच्या पिंपात पुन्हा पुन्हा बुडवायचं आणि शेवटी खळ खरवडायची. खळीखालचं कापड पांढरं राहतं. पांढऱ्यावर निळी नक्षी हवी असेल तर दुसरं स्टेन्सिल नेमकं जुळवून लावावं लागतं. कटकटीचं काम.

या भागात सुती कापडाचा जम बसला तो युआन राजघराण्याच्या काळात. तेराव्या शतकाच्या अखेरीस हुआंग दाओपो या बाईने कापूस पिंजण्या-विणण्याच्या सुधारित रीती सोंगजिआंगला (आजच्या शांघायचा भाग) आणल्याचं श्रेय तिला देतात. पुढे १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली, मागोमाग गिरणीचं छापील कापड आलं आणि रंगाऱ्यांचा धंदा बसत गेला. वू युआनशिन यांनी जुनी कापडं आणि नक्ष्या जमवून नान्तोंगमध्ये संग्रहालय उभं केलं. २००६ मध्ये ही कला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत आली.

संगणकाच्या बाजूची गोष्ट वेगळीच सुरू झाली. जॉर्ज स्टायनी आणि जेम्स गिप्स या संशोधकांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘शेप ग्रामर’ मांडलं: एक मूळ आकार घ्यायचा आणि तो फिरवण्याचे, उलटवण्याचे, जोडण्याचे नियम ठरवायचे. चिनी अभ्यासकांनी ही पद्धत लोकनक्ष्यांना लावली, आणि ती लागू पडणं साहजिक होतं. मोजक्या आकारांतून पन्हाभर नक्षी भरणं हेच जुन्या कारागिरांचंही गणित होतं.

इंकजेटला स्टेन्सिल लागत नाही, म्हणजे सांध्यांचीही गरज नाही. तरीही डिझायनर ते ठेवतात, कारण ते काढले तर नक्षी नान्तोंगची वाटेनाशी होते. मला हा निर्णय पटतो. न पटणारी गोष्ट म्हणजे वाळलेल्या खळीला तडे जाऊन पांढऱ्यात उतरलेल्या निळ्या शिरा स्कॅन करून छापणं. खऱ्या कापडात दोन शिरा सारख्या नसतात. इथे नक्षी पुन्हा पुन्हा छापताना प्रत्येक वेळी तोच तडा त्याच जागी येतो आणि नजरेला खुपतो. विकत घेताना कापड उलटं करून पाहावं: पिंपात बुडवलेलं मागूनही निळं असतं, इंकजेटचं सहसा फिकं.