सहावी की दहावी? वायरलेसवरची मराठी आणि आगीची वर्दी

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत सहावी गल्ली आहे आणि दहावीही आहे. समोरासमोर उभं राहून कुणी सांगितलं तर घोटाळा होत नाही. हीच दोन नावं वॉकी-टॉकीवरून, मागे बंबाचा पंप घरघरत असताना सांगून पाहा. पलीकडे पोहोचतं ते एवढंच: ‘...हावी गल्ली’. बंब दोनांपैकी एका गल्लीत शिरतो आणि तिथे धूरच नसतो.

यात ऑपरेटरच्या कानाचा दोष नाही. वायरलेस संच माणसाच्या आवाजातला साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवतो. आ, ई, ओ हे स्वर त्या पट्ट्यात आरामात बसतात. ‘स’चा सिसकारा मात्र बहुतेक ४००० हर्ट्झच्या वरचा, त्यामुळे तो संचातच गाळला जातो. ‘द’ म्हणजे जिभेचा क्षणभराचा फटका, तो पंपाच्या आवाजात बुडतो. दोन्ही गेले की उरलेला शब्द सारखाच. ‘सात’ आणि ‘आठ’ची तीच गत. ‘सात’चा ‘स’ उडाला की ‘आत’ राहतं, आणि ‘आत’ व ‘आठ’ यांत फरक फक्त शेवटच्या व्यंजनाचा. शिवाय आगीच्या जागी ‘आत’ या शब्दाला स्वतःचाही अर्थ असतो.

उपाय साधा आहे: आकडा सुटा करून सांगायचा. दहावी गल्ली म्हणजे ‘गल्ली एक शून्य’. असं केलं की ‘दहा’ हा शब्द वायरलेसवरून हद्दपार होतो आणि ‘सहा’ला जुळा भाऊच उरत नाही. मराठीत तर याची गरज जास्त. आपले दोन अंकी आकडे एकेरी शब्दात गुंडाळलेले असतात, त्यात ‘एकोणसाठ’मध्ये पाचही ऐकू येत नाही आणि नऊही नाही. ‘पाच नऊ’ म्हटलं की संपलं. पुष्कळ जण आकडे इंग्रजीत सांगतात. त्याने सात-आठ सुटतात, कारण ‘सेव्हन’ लांब आणि ‘एट’ आखूड. पण मग ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ एकमेकांत मिसळतात. विमानांच्या संभाषणात ‘नाइन’चा ‘नाइनर’ केला आहे तो उगाच नाही. प्रत्येक भाषेची जुळी वेगळी. अग्निशमन दलाने एक पद्धत ठरवावी आणि सगळ्यांनी तीच वापरावी. निम्मे मराठीत, निम्मे इंग्रजीत हा सर्वांत वाईट प्रकार.

आता बटणाकडे. बोलण्यासाठीचं बटण दाबलं की लगेच आवाज जातो, असं वाटतं. प्रत्यक्षात आधी संचाचा प्रक्षेपक जागा होतो. मध्ये रिपीटर (आलेला संदेश उचलून पुन्हा जोरात पुढे पाठवणारा संच) असेल तर तो तुमच्या आवाजाखाली दडलेला एक मंद्र सूर शोधतो. हा सूर साधारण ६७ ते २५४ हर्ट्झ यांतला एखादा ठरवलेला असतो. तो सापडला की रिपीटरला कळतं, हा आपलाच माणूस. मग रिपीटर स्वतःचा प्रक्षेपक चालू करतो आणि त्यानंतर ऐकणाऱ्यांचे संच उघडतात. या सगळ्यात अर्धा सेकंद सहज जातो, आणि तेवढ्यात उच्चारलेलं अक्षर कुणालाच ऐकू जात नाही. म्हणून बटण दाबा, मनात ‘एक’ म्हणा, मग बोला.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या पोलिसांत १९३७च्या सुमारास ‘टेन-फोर’ (म्हणजे संदेश मिळाला) यासारखे सांकेतिक आकडे निघाले. त्या काळच्या गाडीतल्या संचाला वीज पुरवणारी फिरती मोटर वेग घेईपर्यंत पहिला शब्द वाया जायचा. मग वाया जायला ‘टेन’ पुढे केला, कामाचा आकडा त्याच्या मागे ठेवला. पुढे प्रत्येक गावाने आपापले अर्थ लावले, एका गावाचा आकडा दुसऱ्या गावाला कळेना, आणि आता तिकडे अनेक यंत्रणा एकत्र येतात तिथे साधी भाषाच वापरावी असा नियम आहे. आपल्याकडे सांकेतिक आकड्यांची हौस अजून दिसते.

सुरुवात कापली जाते हे बहुतेकांना ठाऊक असतं. शेवटही कापला जातो, कारण वाक्य संपत आलं की अंगठा आधीच सैल होतो. इंग्रजीत याने फार बिघडत नाही, नकार वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन गेलेला असतो. मराठीत क्रियापद शेवटी आणि ‘नका’ त्याच्याही नंतर. ‘मागच्या जिन्याने आत जाऊ नका’ या वाक्याचा शेवटचा शब्द गेला की काय उरतं बघा: ‘मागच्या जिन्याने आत जाऊ’. ‘पाणी बंद करू नका’चंही तेच. इंग्रजीतून उचललेल्या नियमावल्यांत हा धोका लिहिलेला नसतो, कारण त्यांच्या भाषेत तो नाही.

म्हणून वायरलेसवर नकारार्थी आज्ञा द्यायचीच नाही. ‘थांबा. बाहेरच राहा. मागचा जिना धोक्याचा.’ ‘पाणी चालू ठेवा.’ आज्ञा आधी, कारण नंतर, वाक्यं तुटक. शेवटचा शब्द गेला तरी अर्थ उलटत नाही. ‘ओव्हर’ म्हणण्याचा खरा उपयोगही इथेच आहे: कापलं गेलंच तर ते ‘ओव्हर’ जातं. (‘ओव्हर’ म्हणजे आता तुम्ही बोला, ‘आऊट’ म्हणजे माझं संपलं. ‘ओव्हर अँड आऊट’ एका दमात म्हणणं ही सिनेमाची देणगी.)

पत्त्यांचा गोंधळ कोल्हापुरात खास आहे. शिवाजी पेठ, शिवाजी चौक, शिवाजी पूल, शिवाजी उद्यमनगर, शिवाजी विद्यापीठ. शाहूपुरी, शाहू मिल, शाहू मार्केट यार्ड. राजारामपुरी, राजाराम तलाव, राजाराम बंधारा. नावाचा पहिला भाग सगळीकडे सारखा आणि ओळख पटवणारा भाग शेवटी, म्हणजे नेमका कापला जाणारा. वर्दी घेणाऱ्याने १०१ वर फोन आला की आधी ठिकाण विचारावं, मग काय पेटलंय, मग फोन नंबर. फोन मध्येच तुटला तर ठिकाण तरी हातात असतं. ‘शिवाजी’ ऐकलं की दुसरी खूण विचारायचीच: कोणतं देऊळ, कोणतं दुकान, कोणती तालीम. पेठांमध्ये तालमीइतकी पक्की खूण दुसरी नाही. गाडीला वर्दी देतानाही ठिकाण आणि खूण दोन्ही सांगावी.

घटनास्थळावरून पहिला संदेश साधारण असा असावा. हाकेची नावं नमुन्यादाखल घेतली आहेत; ‘कंट्रोल’ म्हणजे नियंत्रण कक्ष.

‘कंट्रोल, बंब एक.’

‘बंब एक, बोला.’

‘उद्यमनगर, ठिकाणी पोहोचलो. पत्र्याची शेड, तळमजला. मागून काळा धूर. आत माणसं आहेत का, कळलेलं नाही. एक होज घेऊन पुढून शिरतोय. हवंय: एक टँकर, आणखी एक बंब. ओव्हर.’

‘उद्यमनगर. एक टँकर, आणखी एक बंब पाठवतोय. वेळ दोन तीन एक शून्य.’

ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी, आपलं नंतर. आपलं नाव ऐकलं की माणूस कान टवकारतो. कंट्रोलने ठिकाण आणि मागणी परत म्हणून दाखवली, नुसतं ‘रॉजर’ म्हटलं नाही. ‘रॉजर’चा अर्थ संदेश मिळाला एवढाच. चुकीचा ऐकलेला संदेशही मिळालेलाच असतो. परत म्हणायला चार सेकंद लागतात, आणि चूक त्याच चार सेकंदांत सापडते.

अंतराबद्दल एक गैरसमज आहे: सेट पाच वॅटचा असो की पंचवीस, जास्त ताकद म्हणजे जास्त लांब. खरं तर व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून उंची महत्त्वाची. अँटेना जमिनीपासून जितके मीटर वर, त्याचं वर्गमूळ काढून सुमारे चारने गुणा. तेवढे किलोमीटर तिचं क्षितिज. छातीच्या उंचीवरच्या हातातल्या सेटला मिळतात पाच. पन्हाळ्यासारख्या, मैदानाहून सुमारे ४०० मीटर उंच जागी अँटेना असेल तर ८०. रिपीटर डोंगरावर का बसवतात ते यावरून कळेल.

पण जळत्या इमारतीत हाच रिपीटर अडचण ठरतो. तळघरातला जवान आणि दारातला अधिकारी यांच्यात अंतर वीस मीटर. दोघं रिपीटरवर असतील तर जवानाचा आवाज आधी डोंगरापर्यंत पोहोचायला हवा, आणि तो काँक्रीटमधून बाहेरच पडत नाही. म्हणून घटनास्थळी आपापसात बोलायला रिपीटरशिवायचा थेट चॅनेल, आणि कंट्रोलशी बोलायला वेगळा. उद्यमनगर किंवा शिरोलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये लहर दार-खिडक्यांतूनच बाहेर येते. १५० मेगाहर्ट्झची लहर दोन मीटर लांब, ४५० ची पाऊण मीटरहूनही कमी. छोट्या फटीतून दुसरी सहज निसटते. मोकळ्या शिवारात, झाडीत पहिली बरी.

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये अग्निशमन दलासाठी रिपीटर बसवलेला होता. ११ सप्टेंबर २००१ला त्याचं एक बटण दाबलं गेलं, दुसरं राहिलं. उत्तर टॉवरच्या लॉबीतल्या अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली, आवाज येईना, तेव्हा रिपीटर बिघडलाय असं समजून तो सोडून दिला. यंत्र चालू होतं. सेटची चाचणी गाडी निघताना करायची, आणि ती नुसता दिवा बघून नाही, दुसऱ्याशी बोलून.

एकाच वेळी दोघांनी बटण दाबलं तर? एफएम पद्धतीत जोरदार लहर जिंकते आणि कमजोर लहर मागमूस न ठेवता नाहीशी होते. दारातल्या माणसाची लहर जोरदार, तळघरातल्याची कमजोर. म्हणजे हरतो तो अडचणीतला माणूस, आणि तो बोलत होता हेसुद्धा कुणाला कळत नाही. चॅनेलवर गर्दी झाली की कंट्रोलने मधूनमधून विचारावं, ‘कुणाचं राहिलंय?’, आणि पाच सेकंद खरोखर गप्प बसावं.

मास्क लावून आत गेलेल्या माणसाचा हिशेब हवेचा. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारपर्यंत भरला तर सुमारे २००० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरली तर ५० मिनिटं. पण होज ओढत जिना चढणारा माणूस ६०-७० लिटर खातो, मग तीस मिनिटंच. त्यात हवा संपत आल्याची शिट्टी वाजू लागते ५५ बारच्या आसपास, आणि तोपर्यंत बाहेर यायला हवं. म्हणून आत शिरताना दाब कळवायचा, ‘दोन नऊ शून्य’ असा, आणि दारावरच्या माणसाने तो वेळेसकट लिहून ठेवायचा. अनेक देशांत कंट्रोल दर १० मिनिटांनी किती वेळ झाला ते आठवण करून देतो. आत असलेल्याला घड्याळाचं भान राहत नाही.

बोलताना माइक मास्कच्या पडद्याला टेकवा आणि नेहमीच्या आवाजात बोला. ओरडलं की संच आवाजाची शिखरं छाटतो आणि शब्दांचा चोथा होतो. डिजिटल सेटमध्ये आणखी एक खोड असते. ते माणसाच्या आवाजाचा नमुना ओळखून फक्त तोच पाठवतात. शिट्टी, भोंगा किंवा काँक्रीट कापायची करवत शेजारी असेल तर ते गोंधळून भलताच आवाज बनवतात. त्यामुळे काही दलं आगीच्या जागी मुद्दाम जुना अॅनालॉग चॅनेल ठेवतात. तो खरखरतो, पण खरखरीतूनही कान शब्द शोधतो.

जवान अडकला तर तीनदा ‘मेडे’. हा शब्द १९२० च्या दशकात क्रॉयडन विमानतळावरच्या एका रेडिओ अधिकाऱ्याने ‘मला मदत करा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून बनवला. ‘मदत’ का चालत नाही? कारण ‘मदतीला दोघं पाठवा’ हे रोजचंच वाक्य. मेडेनंतर क्रमाने: मी कोण, कुठे, काय झालं, हवा किती, काय हवंय. बाकी सगळ्यांनी गप्प. अडकलेल्याला दुसरा चॅनेल लावायला सांगू नये. हातमोज्यात, अंधारात तो हमखास चुकीचा लागतो. बदलायचा तर बाकीच्यांनी बदलावा.

बॅटरीच्या खोक्यावरचे तास ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के शांतता धरून काढलेले असतात. आगीच्या जागी कुठली शांतता? आठ तासांची बॅटरी त्याच्या खूप आधी मान टाकते. सेट कमरेला असला तर शरीर लहर शोषतं. छातीवर, अँटेना उभी ठेवून बरा चालतो. आणि एखाद्याचं बटण सीटखाली दबलं तर अख्खा चॅनेल बंद. साठ सेकंदांनी आपोआप प्रक्षेपण थांबवण्याची सोय सेटमध्ये चालू करून घ्या, आणि असं झालं तर कोणत्या चॅनेलवर जायचं ते आधी ठरवा.

मोठ्या आगीला महापालिकेबरोबर एमआयडीसी, साखर कारखाने, शेजारच्या नगरपालिका अशांचे बंब येऊ शकतात. प्रत्येकाची वारंवारता वेगळी असेल तर एकाच रस्त्यावरच्या दोन बंबांचा संवाद होत नाही. मोबाइल आहे, पण तो दोघांपुरता. वायरलेसवर एकाने बोललेलं सगळे ऐकतात. सामाईक चॅनेल नसेल तर बाहेरून आलेल्या प्रत्येक गाडीत आपला एक सेट आणि तो वापरणारा एक माणूस बसवावा.

पुरात तर मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांची सोबती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. शब्दांत म्हणा: एकोणचाळीस, त्रेचाळीस. सुरुवात कापली गेली की दोन्हींचं ‘...चाळीस फूट’. एक आकडा लोकांना तयार राहायला सांगतो, दुसरा घर सोडायला. म्हणून तिथला संदेश असा जावा: ‘कंट्रोल, राजाराम बंधारा. पातळी चार तीन फूट, शून्य दोन इंच. वेळ शून्य दोन तीन शून्य. ओव्हर.’ आणि उत्तरात ‘समजलं’ नको, ‘चार तीन, शून्य दोन’ हवं.