जहाज पुलाला धडकले, तर बिल कोणाच्या नावावर फाटते?

आयात-निर्यात करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चाकणचा, भोसरीचा, रांजणगावचा माल न्हावा-शेव्याला पोचला आणि बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची जहाज कंपनीची पावती) हातात पडले की आपल्यापैकी बरेच जण तो विषय संपला असे धरतात. सागरी विम्याच्या आमच्या लहानशा पेढीचे काम मात्र तिथूनच सुरू होते. अमेरिकेत बाल्टिमोरचा पूल पडल्यापासून एकच प्रश्न आम्हाला इतक्यांदा विचारला गेला आहे की उत्तर छापून ठेवणे सोयीचे वाटले. प्रश्न असा: ‘एवढा मोठा पूल पडला, त्याचा खर्च जहाजातल्या मालावर तर येणार नाही ना?’

पुलाचा येत नाही. जहाज सोडवण्याचा येऊ शकतो. पुढचे सगळे या दोन वाक्यांबद्दलच आहे.

आधी घटना थोडक्यात. २६ मार्च २०२४, पहाटेचा दीड. ‘डाली’ हे सिंगापूरच्या नोंदणीचे, ३०० मीटर लांबीचे कंटेनर जहाज बाल्टिमोरहून कोलंबोला निघाले होते. त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय. बंदरातून बाहेर पडताना जहाजाची वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर जाऊन आदळले. १९७७ साली खुला झालेला तो पूल काही सेकंदांत नदीत कोसळला. पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. जहाजावरच्या पायलटने (बंदरातून जहाज बाहेर काढणाऱ्या स्थानिक वाटाड्याने) आधीच धोक्याचा संदेश दिला होता, म्हणून पोलिसांना दोन्ही बाजूंची वाहने अडवता आली.

वीज का गेली? अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये कारण सांगितले: एका तारेवरची नंबराची पट्टी चुकीच्या जागी बसली होती, त्यामुळे तार टर्मिनलमध्ये पूर्ण आत गेली नव्हती आणि ती सैल झाली. विजेची पॅनेल बनवणारे आमचे ग्राहक हे वाचून आपल्या वायरमनला बोलावतील, अशी आमची खात्री आहे.

पुलाचे पैसे

नवा पूल सुरुवातीला १७० ते १९० कोटी डॉलरमध्ये आणि २०२८ मध्ये होईल असे सांगितले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंदाज ४३० ते ५२० कोटी डॉलरवर गेला आणि मुदत २०३० च्या अखेरीस. आपल्याकडच्या उड्डाणपुलांची सवय असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. हा खर्च पूर्णपणे अमेरिकेचे केंद्र सरकार उचलेल, असा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झाला. बाल्टिमोर ज्या राज्यात आहे त्या मेरिलँडने पुलाचा विमा उतरवला होता, त्याचे ३५ कोटी डॉलर विमा कंपनीने दिले. विम्यातून आणि दाव्यांतून येणारी रक्कम केंद्राच्या खर्चातून वजा व्हायची आहे. म्हणजे सुरुवातीला भार करदात्यावर, आणि वसुली होईल तसा तो कमी.

मग जहाजाचा मालक? इथे १८५१ सालचा एक अमेरिकन कायदा आडवा येतो. त्यानुसार मालक म्हणू शकतो की माझी जबाबदारी अपघातानंतर जहाजाची जी किंमत उरली तेवढीच, अधिक त्या फेरीचे भाडे. ‘टायटॅनिक’च्या मालकांनीही हाच कायदा पुढे केला होता. ‘डाली’च्या मालकाने आणि व्यवस्थापक कंपनीने अपघातानंतर आठवडाभरात अर्ज करून हा आकडा सुमारे ४ कोटी ३७ लाख डॉलर सांगितला. पुलाची किंमत वर दिली आहेच, तुलना आपणच करा.

आपल्या ट्रकच्या विम्यातही दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साधारण साडेसात लाखांची मर्यादा असते. पण ती विमा कंपनीची मर्यादा, त्यावरचे ट्रकमालकाच्या अंगावर येते. जहाजाच्या बाबतीत मर्यादा खुद्द मालकाच्या जबाबदारीलाच लागते. हलगर्जी झाली आणि ती मालकाच्या माहितीतली होती असे ठरले, तरच ती तुटते. म्हणून तर वकील त्या एका तारेपाशी येऊन थांबतात. मदतकार्य आणि जलमार्ग मोकळा करण्याचा खर्च अमेरिकी सरकारने वेगळा मागितला. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे १० कोटी २० लाख डॉलरवर मिटला. पुलाच्या बांधणीचा दावा त्यात नाही, तो राज्याने स्वतंत्र लावला.

मालकांच्या वतीने हे पैसे भरतात ते पी अँड आय क्लब. जहाजमालकांनी एकमेकांसाठी चालवलेली ही मोठी भिशीच समजा, फक्त पैसे उचलायला अपघात व्हावा लागतो.

आता आपला माल

एप्रिल २०२४ मध्ये ‘डाली’च्या मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केले. ‘ॲव्हरेज’ म्हणजे इथे सरासरी नव्हे, नुकसानीतला वाटा. जहाज आणि माल दोन्ही संकटात असताना सगळ्यांना वाचवण्यासाठी जाणूनबुजून केलेला खर्च किंवा त्याग सगळ्यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, हा समुद्रावरचा फार जुना रिवाज. टग बोटी, सोडवणूक करणाऱ्यांचे पैसे, जहाज हलके करण्यासाठी उतरवलेले कंटेनर हे सगळे त्यात येऊ शकते. पुलाची भरपाई येत नाही.

हिशेब कळण्यापुरते आकडे घेऊ. जहाज ३०० कोटींचे, त्यावरचा सगळा माल २०० कोटींचा, वाचवण्याचा खर्च ५० कोटी. म्हणजे दर दहा टक्के. आपला कंटेनर ४० लाखांचा, त्याला ओरखडाही गेलेला नाही, तरी आपला वाटा ४ लाख. आणि तो ठरायला वर्षेही लागू शकतात, म्हणून जहाज कंपनी तोवर तारण मागते. ॲव्हरेज बॉण्डवर (ठरेल तो वाटा भरू, या लेखी कबुलीवर) आपली सही आणि विमा कंपनीची हमी, किंवा विमा नसेल तर रोख ठेव. ते मिळेपर्यंत कंटेनर सुटत नाही.

‘चूक जहाजाची आणि पैसे आमचे?’ असे कोणीही म्हणेल. रास्त आहे, पण क्रम उलटा आहे: आधी तारण द्यायचे, माल सोडवायचा, भांडण मागाहून.

मालाच्या विम्याचे ए, बी, सी असे तीन प्रकार (क्लॉज) असतात, ए सगळ्यात व्यापक आणि सी सगळ्यात मर्यादित; कोणताही असो, हा वाटा त्यात धरलेला असतो. सगळ्यात स्वस्त सी घेणाऱ्यालाही. मात्र विमा मालाच्या किमतीपेक्षा कमी रकमेचा असेल तर कंपनीही त्याच प्रमाणात कमी देते. प्रीमियम वाचवायला इन्व्हॉइसइतकाच आकडा टाकणाऱ्यांना आम्ही म्हणूनच सीआयएफ (मालाची किंमत, विमा आणि जहाजभाडे मिळून) अधिक दहा टक्के घ्यायला लावतो.

एफओबीने, म्हणजे माल जहाजावर चढवून देण्यापुरत्या जबाबदारीवर विकणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची, हे कागदावर बरोबर. पण पैसे यायचे असतील आणि समोरच्याने विमाच घेतला नसेल, तर तो माल बंदरात सोडून देऊ शकतो आणि आपण इकडे बिल धरून बसतो. यासाठी विक्रेत्याचा वेगळा, तुलनेने स्वस्त विमा मिळतो.

आणि जे मिळत नाही तेही सांगायला हवे. बाल्टिमोरचा जलमार्ग पूर्ण खुला व्हायला १० जून उजाडला. तोवर बरेच कंटेनर दुसऱ्या बंदरांवर उतरले. तिथून पुढचा ट्रकचा खर्च, उशिरामुळे कारखान्यातली उत्पादनाची लाइन थांबली म्हणून गिऱ्हाइकाने कापलेले पैसे, यातले काहीही मालाच्या विम्यातून साधारणपणे निघत नाही. उशीर हा विम्याचा विषय नाही. गाड्यांचे सुटे भाग वेळेवर पोचवण्याचा करार करणाऱ्यांनी ही गोष्ट करारातच लिहून घ्यावी.

जनरल ॲव्हरेजची नोटीस ईमेलने, बहुधा फॉरवर्डरमार्फत (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटमार्फत) आणि शुक्रवारी संध्याकाळी येते. घाबरून ठेव भरू नका, आणि कशावरही सही करण्याआधी ती आम्हाला पाठवा. सोबत इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, पॅकिंग लिस्ट आणि विम्याची पॉलिसी जोडा. कागद पूर्ण असतील तर आम्ही त्याच दिवशी विमा कंपनीकडे हमी मागतो.