बीपीए वेगळं, थॅलेट वेगळं

तुळशीबागेत वहिनीने पाण्याची बाटली उलटी करून दाखवली. "बघा वन्सं, बीपीए-फ्री लिहिलंय. आता काळजी नाही." दुसऱ्या हातात जेवणाच्या टेबलासाठी घेतलेलं मऊ, उग्र वासाचं प्लॅस्टिकचं कापड होतं. मला काळजी त्या कापडाची वाटली.

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए हे रसायन. ते लागतं कडक, काचेसारखं प्लॅस्टिक करायला. ऑफिसात उपडे ठेवतात त्या २० लिटरच्या जारपैकी बरेच पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे बीपीएपासूनच बनलेले. डबाबंद पदार्थांच्या डब्याला आतून दिलेल्या लेपात आणि दुकानातल्या गुळगुळीत पावतीवरही ते सापडतं. थॅलेट या दुसऱ्या रसायनाचं काम नेमकं उलटं: पीव्हीसी नावाच्या कडक प्लॅस्टिकला मऊ करणं. टेबलावरचं कापड, रेनकोट, बागेची नळी ही त्याची ठिकाणं. सेंटचा वास टिकावा म्हणूनही एक थॅलेट वापरतात. थॅलेट प्लॅस्टिकशी पक्कं जोडलेलं नसतं, त्यामुळे हळूहळू बाहेर येतं, आणि तेलातुपात तर सहज उतरतं.

शरीरातही दोघांच्या वाटा वेगळ्या. बीपीए इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची नक्कल करतं. हा गुण १९३६ सालीच प्रयोगांत दिसला होता. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्या स्त्रियांच्या रक्तात ते जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. पण त्यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ठरलेलं नाही. म्हणून "तुझा पीसीओएस प्लॅस्टिकमुळेच" असं कुणी एखाद्या मुलीला सुनावलं तर ते चूक आहे. थॅलेटची मुख्य ओळख पुरुषी हार्मोन घटवणारं रसायन अशी. तरी प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने अंडाशयातल्या बीजकोशांना इजा केलेली आहे, आणि गर्भारपणात त्याचं प्रमाण जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये दिवस पुरे होण्याआधी बाळंतपण होण्याशी त्याचा संबंध दिसला आहे.

डीडीटी या कीटकनाशकासारखी ही दोन्ही वर्षानुवर्षं चरबीत साठून राहत नाहीत. बहुतेक भाग तासांत, फार तर एक-दोन दिवसांत लघवीवाटे जातो. रोज नव्याने येतं म्हणून ते अंगात कायम सापडतं, आणि म्हणूनच आजपासून कमी केलं तर फरक लगेच पडतो. २०२३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा २० हजार पटींनी खाली आणली.

एक मात्र खटकतं: बीपीए काढून बऱ्याचदा त्याच कुळातलं बीपीएस घालतात, आणि तेही इस्ट्रोजेनसारखंच वागतं. तरी "बीपीए-फ्री" हे लेबल खोटं ठरत नाही.

वहिनीला एवढं सांगितल्यावर तिने कापड परत केलं आणि मंडईजवळून सुती घेतलं. बाटलीही स्टीलची घेतली. आता सोसायटीच्या गच्चीवर उन्हात तापणाऱ्या जारबद्दल ती सेक्रेटरींशी बोलणार आहे.