चौदाशे चाळीस गुणसूत्रांचा बोटभर नेचा

मे 2024 मध्ये न्यू कॅलेडोनियातल्या टमेसिप्टेरिस ऑब्लान्सिओलाटा या नेच्याने (फर्नने) सर्वांत मोठ्या जीनोमचा, म्हणजे पेशीतल्या एकूण डीएनएचा, जागतिक विक्रम केला. त्याचा जीनोम भरला 160 अब्ज बेसजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या तेवढ्या पायऱ्यांचा. माणसाचा जेमतेम तीन अब्जांचा. बातमी वाचून एका मित्राने विचारलं, "म्हणजे हा नेचा आपल्याहून पन्नासपट प्रगत?" नाही हो. घरात रद्दी जास्त म्हणून घरमालक जास्त शिकलेला ठरत नाही.

पण एवढा पसारा येतो कुठून? डीएनएचे काही तुकडे स्वतःच्याच नकला काढत सुटतात, हा एक मार्ग. मला भुरळ घालतो तो दुसरा: सगळीच गुणसूत्रं, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्या, एका फटक्यात दुप्पट होणं. सह्याद्रीच्या सड्यांवर पहिल्या पावसानंतर गुडघे टेकून पाहिलं, तर ओफिओग्लॉसम या बोटभर नेच्याच्या जाती दिसतात. एक पान आणि त्यातून निघालेली बीजाणूंची (नेच्याला बिया नसतात, त्यांच्या जागी हे धुळीसारखे कण) एक काडी, बस्स. याच कुळातल्या ओफिओग्लॉसम रेटिक्युलॅटमची गुणसूत्रं केरळात अब्राहम आणि निनान यांनी मोजली, तेव्हा 1954 साली आकडा बाराशेच्या वर गेला. पुढे तो 1440 पर्यंत पोचला. आपली 46!

ही दुप्पट होते कशी, ते अमेरिकेतल्या ॲस्प्लेनियम नेच्यांत फार सुंदर दिसतं. तिथे एक 'चालता' नेचा आहे. त्याच्या पानाचं टोक मातीला टेकलं की तिथे नवं रोप फुटतं. त्याचा दुसऱ्या एका जातीशी संकर होतो. दोघांकडून 36-36 गुणसूत्रं येतात, एकूण 72. मात्र बीजाणू तयार होताना प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार लागतो. इथे परक्या घरची 36 आणि परक्या घरची 36. जोड्या जुळत नाहीत, वाटणी फिसकटते आणि बीजाणू सुरकुतलेले, निकामी निघतात. संकर वांझ.

क्वचित वाटणीच होत नाही आणि एखाद्या बीजाणूत सगळीच्या सगळी 72 जातात. बीजाणू ओल्या मातीवर पडतो आणि त्यातून नखाएवढा, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा उगवतो. नेच्यांची गंमत अशी, की या एकाच पापुद्र्यावर पुंपेशीही तयार होतात आणि अंडपेशीही. पाण्याच्या थेंबातून पुंपेशी पोहत जाते, मिलन होतं आणि 72 अधिक 72 म्हणजे 144. आता प्रत्येक गुणसूत्राला हुबेहूब जुळा जोडीदार आहे. वाटणी सुरळीत, बीजाणू टपोरे. या रोपाचं पालकांशी जमवायला गेलात तर पुन्हा वांझ संतती, म्हणजे एका पिढीत नवी जात! अलाबामातल्या हवाना ग्लेन या घळीत या संकराचं असंच दुप्पट झालेलं, सुपीक रूप वाढतं. बाकी ठिकाणी तो बहुधा वांझच असतो. फुलझाडात असं व्हायला सहसा पराग आणि अंडपेशी दोन्हीकडे एकाच वेळी चूक व्हावी लागते. नेच्याला एकच चूक पुरते.

मग सगळेच बीजाणूवाले दुप्पट झाले का? सेलाजिनेला मोलेनडॉर्फी या बीजाणूंवर वाढणाऱ्या छोट्या वनस्पतीचा जीनोम 2011 मध्ये वाचला, तो अवघा दहा कोटी बेसजोड्यांच्या आसपास, आणि त्यात जुन्या दुपटीची खूणच नाही. तिचे नर आणि मादी बीजाणू वेगळे असतात, त्यामुळे एका पापुद्र्याची युक्ती तिला जमत नाही. पण कारण तेवढंच म्हणावं, तर पाचगणीच्या पठारावरच्या आयसोएटिस या तिच्या नातलगाचेही बीजाणू वेगवेगळेच, आणि त्या गटात दुपटी झालेल्या आहेत.

   

आणि दुपटीचं उलट टोक, म्हणजे काहीच न बदलणं, स्वीडनमध्ये. कोर्सारोड इथे ज्वालामुखीच्या खडकात 18 कोटी वर्षांपूर्वीचा शाही नेच्याच्या कुळातला देठ सापडला. 2014 मध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली नीट तपासला, तर पेशींची केंद्रकं शाबूत! काही पेशी तर ऐन विभाजनात गोठलेल्या, आत गुणसूत्रं दिसावीत इतक्या स्पष्ट. केंद्रकांचा आकार (त्यावरून डीएनए किती याचा अंदाज येतो) मोजला, तो आजच्या नातलगाइतकाच भरला. मधल्या काळात डायनासोर गेले. या घराण्यात दुप्पट झालेली दिसत नाही.