वॉक म्हणजे फुकटचा बेस? तसं नाहीये

बेसबॉलमध्ये पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) चार बॉल ठरलेल्या पट्ट्याबाहेर टाकले आणि बॅटरने ते सोडून दिले, की त्याला न मारताच पहिला बेस (धावण्याचा पहिला टप्पा) मिळतो, यालाच वॉक म्हणतात. "बेसबॉलमध्ये वॉक म्हणजे पिचरची चूक, बॅटर नुसता उभा असतो" हे वर्षानुवर्षं फिरतंय, आणि क्रिकेटच्या वाइडची सवय असल्यामुळे आपल्याला ते पटतंही. पण प्लेट (बॅटरजवळची पाटी, बॉल हिच्यावरून जायला हवा) फक्त 17 इंच रुंद, बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत येतो, तेवढ्यात हा बाहेर जातोय हे ओळखून बॅट आवरायची, तेही चार वेळा, खरंच अवघड आहे हो. नुसती पिचरची चूक असती तर त्याच पिचर्ससमोर सगळ्यांना साधारण सारखेच वॉक मिळाले असते ना? जुन्या सीझनचे आकडे काढून बघा, वरती बरीचशी तीच नावं दिसतात. अमेरिकेत 2004 च्या सीझनला एकाच बॅटरला 232 वॉक मिळाले, त्यातले 120 समोरच्या टीमने त्याला टाळायला मुद्दाम दिलेले (त्यांचा रकाना वेगळा असतो), ते वजा केले तरी 112 उरतात.