प्रागच्या घड्याळवाल्याचे डोळे कोणी फोडले नव्हते

प्रागच्या ओल्ड टाऊन स्क्वेअरमध्ये टाऊन हॉलच्या भिंतीवर जे खगोलीय घड्याळ आहे ना, त्याच्यासमोर उभं राहिलं की एक गोष्ट हमखास कानावर पडते. हानुश नावाच्या कारागिराने ते बनवलं आणि दुसऱ्या शहरासाठी असंच बनवू नये म्हणून नगरपालिकेने त्याचे डोळे फोडले म्हणे. आपल्याकडे ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडल्याचं सांगतात तसलंच हे, आणि तितकंच निराधार.

घड्याळ बनलं १४१० मध्ये, बनवणारा कादानचा मिकुलाश. त्याच सालच्या एका कागदावर त्याचं नाव आहे, आणि तो कागद सापडला थेट विसाव्या शतकात. हानुशचं काम साधारण १४९० चं, म्हणजे ८० वर्षांनंतरचं! १५७० मध्ये या घड्याळाची देखभाल करणाऱ्या यान ताबोर्स्कीने त्याची माहिती लिहिताना श्रेय हानुशला दिलं आणि पुढे तेच चालू राहिलं. मिकुलाशचं नाव शतकानुशतकं पुसलं गेलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तासाच्या ठोक्याला सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांचे, म्हणजे शिष्यांचे, पुतळे सरकतात, कोंबडा आरवतो, सगळे मोबाईल वर धरून शूट करतात आणि मिनिटभरात पांगतात. पण आत्ताचे प्रेषित १९४८ चे आहेत, जुने १९४५ च्या आगीत जळाले. गर्दी ओसरली की तबकडी नीट बघा, बाहेरच्या कड्यावरचे २४ आकडे सूर्यास्तापासून तास मोजतात आणि सूर्य-चंद्र कुठल्या राशीत आहेत तेही दिसतं. मिकुलाशची खरी कमाल तिथे आहे.